सवलतीचा दर आणि तिसरा मजला: बेळगावातलं एक प्रकरण

चंदगड तालुक्यातल्या एका आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२५ च्या जुलैत बेळगावात झालं. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, पण तिकडच्या माणसाला मोठा दवाखाना म्हटलं की बेळगाव. बस्ता बांधायचा तरी बेळगाव आणि विहिरीवरच्या मोटरचं वायंडिंग जळालं तरी बेळगाव. पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि टाके काढायला बाराव्या दिवशी बोलावलं. मधले सात दिवस कुठं काढायचे, हा प्रश्न पडला. गावाकडं ताम्रपर्णीला पाणी चढलं की बंधारे बुडतात, एस.टी. बंद पडते. अशा रस्त्यानं ताज्या ऑपरेशनचं माणूस नेणं आणि आठवड्यात परत आणणं घरच्यांना पटेना. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी सावंतवाडीला सासरी. मुलीनं आईजवळ राहायचं आणि मुलानं पुण्यातून खोलीची सोय करायची, असं ठरलं.

त्यानं मोबाईलवरच्या एका ॲपवरून मध्यवर्ती बसस्थानक आणि खडे बाजार यांच्या मधल्या भागातलं एक जुनं हॉटेल धरलं. फलकावरचा दर २,४०० रुपये, ॲपवर चाळीस टक्के सवलतीनं १,४४०. त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीला १,६१२ रुपये ८० पैसे. दर ‘रद्द केल्यास परतावा नाही’ या अटीचा होता आणि सात रात्रींचे पैसे आधीच भरायचे होते. मुलानं डोळे झाकून काही केलं नव्हतं. लिफ्ट आहे का, कमोड आहे का, दवाखाना किती लांब, हे सगळं त्यानं बघितलं होतं. लिफ्ट होती, कमोड होता, दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर होता. तरीही दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी मुलीचा मला फोन आला, “काका, आईला इथं ठेवता येणार नाही.”

मी बेळगावातच हॉटेल लाईनीत काउंटरवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. ओळखीपाळखीतनं रुग्णांचे नातेवाईक राहायच्या सोयीबद्दल विचारत असतात. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात फसवणूक अशी कुणी केली नव्हती. तरीसुद्धा सत्तरीच्या बाईला दोन दिवस पलंगावरून उठता आलं नाही. असं दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

जुलैत दर का उतरतो

बेळगावच्या हॉटेलांचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधमध्ये भरतं. २०१२ मध्ये त्या इमारतीचं उद्घाटन झाल्यापासून बहुतेक वर्षी डिसेंबरच्या आगेमागे मंत्री, अधिकारी, पोलीस, मोर्चेवाले, पत्रकार सगळे शहरात उतरतात. तेव्हा जुन्यातली जुनी खोलीसुद्धा फलकावरच्या दरानं जाते. तुळशीचं लग्न झालं की वऱ्हाडं सुरू होतात. आषाढात मात्र लग्न नाही, अधिवेशन नाही, व्यापारीही घाईचं काम नसेल तर पाऊस ओसरायची वाट बघतात. शनिवार-रविवारी गोकाकचा धबधबा आणि आंबोली बघणारे येतात, तेवढीच हालचाल. सोमवार ते शुक्रवार काउंटरमागचा किल्ल्यांचा फळा भरलेला. म्हणून सवलत.

आता याची दुसरी बाजू बघा. ज्या पावसानं दर उतरतो, तोच पाऊस जुन्या इमारतीची सगळी दुखणी बाहेर काढतो. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, सोलरचं पाणी तापत नाही, वीज जाते-येते. मार्चमध्ये ज्या खोलीत कुणाला काही खटकलं नसतं, तीच खोली जुलैत त्रासाची होते. म्हणून पावसाळ्यातली सवलत बघताना दोन हॉटेलांच्या दरांची तुलना करून भागत नाही. त्या हॉटेलातली कुठली खोली मिळणार, हे कळेपर्यंत दराला अर्थ नसतो.

आणि स्वस्त दराला कुठली खोली जाते, हे काउंटरवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हॉटेल आपल्या सगळ्या खोल्या ॲपला देत नाही, थोड्या देतं. चांगल्या खोल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवायच्या. औषध कंपन्यांचे एमआर, हुबळी-कोल्हापूरकडून फिरणारे सेल्समन, दर महिन्याला येणारे वकील-व्यापारी यांना त्या द्यायच्या आणि उरलेल्या ॲपवर टाकायच्या. मुलाला बुकिंग करताना ‘शेवटची १ खोली शिल्लक’ असं दिसलं होतं. हॉटेल तर जवळपास रिकामं होतं. ॲपच्या वाट्याला आलेल्यातली ती शेवटची असेलही, पण पुण्यात बसलेल्या माणसाला तो फरक कळणार कसा? खोटी घाई दाखवणं हा ग्राहकाला फसवण्याचा प्रकार आहे, असं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. माझं मत असं, की आजारी माणसासाठी खोली घेताना घड्याळ, टक्के आणि लाल अक्षरं बघूच नयेत. हॉटेलला सरळ फोन लावावा.

ती खोली

मी गेलो तेव्हा पाऊस बारीक लागून होता. रस्त्यापासून काउंटरपर्यंत पाच पायऱ्या. लिफ्ट जाळीच्या दाराची, चांगली चालणारी, पण आत व्हीलचेअर मावत नव्हती. पहिल्या दिवशी आजींना खुर्चीवरून उठवून, वॉकरला धरून, तिरकं उभं करून वर नेलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, सर्वांत वर, पश्चिमेला. वीज गेली की जनरेटरवर जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर चालायची, लिफ्ट नाही. म्हणजे आजी वर गेल्या त्या अडकल्याच.

खोली वाईट म्हणण्यासारखी नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी तिचं नूतनीकरण झालेलं. प्लायवूडचा नवा पलंग, भिंतीवरचा टीव्ही, काचेचं टेबल. पण पलंग बुटका. गुडघ्याच्या पेशंटनं बसायची जागा गुडघ्यापेक्षा खाली असता कामा नये. खाली असेल तर उठताना सगळा भार त्याच सांध्यावर येतो. त्यातून गादीचा मधला भाग बसलेला. आजी एकदा बसल्या की मुलीला काखेत हात घालून उचलायला लागायचं.

सगळ्यात मोठी अडचण न्हाणीघराच्या दारात होती. तिथं सहा इंचांचा उंबरा. या उंबऱ्याकडं लक्ष द्या, कारण जुन्या हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर तो हमखास भेटतो. पूर्वी मजल्यावर सामायिक संडास असायचे. पुढं प्रत्येक खोलीत कमोड बसवायची वेळ आली. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडून पाइप खाली नेता येत नाहीत, म्हणून ते स्लॅबवरूनच फिरवतात आणि त्यांच्यावर फरशी उचलून घेतात. म्हणून आत कमोड, पण जायला पायरी. ॲपच्या फोटोत कमोड दिसतो, पायरी दिसत नाही. वॉकर घेतलेल्या माणसाला मात्र तीच भिंत होऊन बसते. आजींनी त्या भीतीनं पाणी पिणं कमी केलं होतं. मुलीनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसला होता.

गरम पाण्याचंही तेच. गच्चीवर सोलर होतं, पण चार दिवसांत ऊन पडलेलं नव्हतं. प्रत्येक खोलीत गिझर का नाही, असं मुलानं फोनवरून रागानं विचारलं. त्याचं कारण वायरिंगमध्ये असतं. दोन हजार वॉटचा एक गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि जुन्या हॉटेलची वायर पंखा-ट्यूबलाइटच्या हिशेबानं टाकलेली असते. वीस गिझर एकदम लागले तर काय होईल, हे मालकाला चांगलं ठाऊक असतं. नळाला धारही बारीक होती. पाण्याचा दाब टाकी किती उंच आहे त्यावर असतो, दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. गच्चीवरच्या टाकीपासून तिसरा मजला सर्वांत जवळ, म्हणून तिथंच दाब सर्वांत कमी. तळमजल्याला तोच नळ जोरात वाहतो. शिवाय जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात.

पश्चिमेच्या भिंतीवर कपाटाच्या मागं काळसर बुरशी धरली होती. टाके ओले असताना अशा कुबट खोलीत पेशंट ठेवणं मला अजिबात मान्य नव्हतं. रूम बॉय मात्र भला पोरगा. “मावशी, खालनं बकेट आणून देतो की,” म्हणत तो दोन्ही दिवस स्वयंपाकघरातून तापवलेल्या पाण्याच्या बादल्या जिन्यानं वर आणत होता.

काउंटरवरची बोलणी

मुलाचं म्हणणं होतं, सरळ दुसरं हॉटेल बघू. महामार्गाच्या बाजूची नवी हॉटेलं त्यानं शोधून ठेवली होती. पण तिथं दर जास्त, दवाखाना लांब, खोल्या लहान आणि पलंग पुन्हा बुटकेच. शिवाय भरलेले पैसे बुडणार. मी त्याला म्हटलं, थांब. जुन्या हॉटेलात चांगली खोली बहुतेक असतेच, ती ॲपवर नसते.

मॅनेजर पन्नाशीचे, मालकाशी फोनवर कन्नडात बोलणारे आणि आमच्याशी मराठीत. सुरुवातीला त्यांनी हात वर केले. “ॲपचं बुकिंग हाय बगा, आमच्या हातात काय न्हाई.” मी विचारलं, मागच्या चौकात तळमजल्याला खोल्या आहेत का? आहेत, पण त्या डिस्काउंटच्या नाहीत, स्वयंपाकघराच्या मागं आहेत, पहाटे पाचला इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर सुरू होतो, पाहुणे तक्रार करतात. मी म्हटलं, दाखवा तर.

मुख्य इमारतीच्या मागं, चौक ओलांडून जुनी खोली. उंच छत, पश्चिमेच्या भिंतीला दुसरी इमारत टेकलेली, म्हणून ओल नाही. सागवानी पलंग, गादीसकट वीस इंच उंच, उशाला आडवी पट्टी, धरून उठायला सोयीची. दोन पलंग असूनही मधे वॉकर वळायला जागा. न्हाणीघरात कमोड आणि दाराशी उंबरा नाही, कारण तळमजल्याला पाइप जमिनीखालून जातात, फरशी उचलावी लागत नाही. बोळातून रिक्षा थेट दारापर्यंत येत होती. फलकावरचा दर २,४०० च. नूतनीकरण झालेलं नाही आणि फोटो चांगले येत नाहीत, म्हणून ती ॲपवर कधी टाकलीच नव्हती. आजींसाठी सबंध शहरात याहून बरी खोली शोधून सापडली नसती, असं मला आजही वाटतं.

आता प्रश्न पैशाचा. इथं भावनेला हात घालून काम होत नाही, हिशेब मांडावा लागतो. मी मॅनेजरना विचारलं, ॲप तुमच्याकडून किती कापतं? बेळगावसारख्या शहरात ही कपात १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते. त्यांची वीस टक्के होती. म्हणजे १,४४० तले २८८ जाऊन हॉटेलच्या हाती १,१५२. त्यावर मी म्हटलं, दोन रात्री झाल्या त्या झाल्या. उरलेल्या पाच रात्रींचं बुकिंग दंड न लावता रद्द करायला तुम्ही ॲपला संमती द्या आणि ही खोली आम्हाला थेट १,३०० नं द्या. तुम्हाला रात्रीला १४८ जास्त मिळतील. आम्हाला करासकट १,६१२.८० ऐवजी १,४५६ पडतील.

परतावा नाही असा दर घेतला की सगळं संपलं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा हॉटेलनं लेखी संमती दिली तर ॲप पैसे परत करतं. पैसे अडवण्याचा हक्क बहुतांशी हॉटेलच्या नुकसानीपोटी असतो. मॅनेजरना दुसरी शंका होती, ॲपपेक्षा कमी दर दिला तर करार मोडतो का? ही भीती बऱ्याच छोट्या हॉटेलवाल्यांना आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं देशातल्या एका मोठ्या ऑनलाइन बुकिंग कंपनीला दोनशे कोटींहून जास्त दंड केला आणि हॉटेलांवर लादलेल्या समान-दराच्या अटी काढायला सांगितलं. हे त्यांना सांगितलं. मालकाशी फोनवर बोलणं झालं. मग म्हणाले, “करूया की. पण मावशींचं जेवण इथंच घ्यायचं.” खाली पोळी-भाजी आणि इडली-सांबार दोन्ही मिळत होतं, त्यामुळं तो प्रश्नच नव्हता.

पैशाइतकीच एक मोठी गोष्ट या बोलण्यात मिळाली, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ॲपवर खोली दुपारी बाराला मिळते आणि अकराला सोडायची. या हॉटेलात थेट आलेल्यांना चोवीस तासांचा हिशेब आहे, ज्या वेळी आलात त्या वेळेपर्यंत खोली तुमची. दवाखान्याच्या कामाला चोवीस तासच सोयीचे. डिस्चार्जच्या दिवशी विम्याची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे पहिल्याच दिवशी पाच तास फुकट गेले. टाके काढायच्या दिवशी ओपीडीची वेळ अकराची. ॲपच्या नियमानं आजींना सामानासकट बाहेर पडून दवाखान्याच्या बाकावर बसावं लागलं असतं, नाहीतर अर्ध्या दिवसाचं भाडं. तळमजल्याच्या खोलीत आम्ही दुपारी चारला गेलो, म्हणून शेवटच्या दिवशीही चारपर्यंत खोली हाताशी राहिली. टाके काढून आल्यावर आजी जेवल्या, तासभर पडल्या आणि मग गाडीत बसल्या.

मुलीसाठी वेगळ्या गादीचे पैसेही लागले नाहीत, कारण दुसरा पलंग होताच. पाच रात्रींत दराच्या फरकात घरच्यांचे ७८४ रुपये वाचले, हॉटेलला ७४० जास्त मिळाले. आकडे लहान आहेत, पण दोन्ही बाजूंचा फायदा झाला आणि तोही आहे त्याच इमारतीत. मला या सगळ्या प्रकरणात सांगायचं आहे ते हेच. अशा वेळी घासाघीस रुपयांवर करण्यापेक्षा खोलीवर करावी. मॅनेजरला दर कमी करायला सांगितलं की तो मालकाकडं बोट दाखवतो, खोली बदलायला सांगितलं की त्याला किल्ली काढता येते.

कराचं आणि विम्याचं

करावरून घरच्यांत थोडा गोंधळ होता. कर फलकावरच्या २,४०० वर नसतो, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर असतो. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला कर नाही ही समजूत आता जुनी झाली, १८ जुलै २०२२ पासून ती सूट गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर आहे. तीच खोली आज १,३०० नं घेतली तर १,३६५ पडेल. काउंटरवर कुणी जुन्या दरानं पावती करत असेल तर थांबवून विचारावं. मुलानं हॉटेलच्या पावत्या आरोग्यविम्यासाठी जपून ठेवल्या होत्या. डिस्चार्जनंतरच्या खर्चात औषधं, तपासण्या, ड्रेसिंग बसतात. लॉजचं भाडं बसत नाही.

फोनवर काय विचारायचं

या प्रकरणानंतर कुणीही विचारलं की मी ठरावीक गोष्टी सांगतो. हॉटेलला थेट फोन करा आणि पेशंट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. बेळगावात अजून तेवढी माणुसकी आहे, काउंटरवरचा माणूस ऐकून घेतो. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मागा. न्हाणीघराच्या दारात पायरी आहे का, हे याच शब्दांत विचारा. ‘कमोड आहे का’ एवढं विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येतं. पाऊस असताना गरम पाणी कशावर तापतं, लिफ्ट जनरेटरवर चालते का, चोवीस तासांचा हिशेब आहे का, हेही विचारून घ्या. जमलं तर एक रात्रच घ्या आणि खोली बघून पुढच्या रात्री वाढवा. जुलैत खोल्या संपत नाहीत. खोलीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवायला लाजू नका, रूम बॉय दोन मिनिटांत पाठवतो.

जुन्या हॉटेलांबद्दल मला आस्था आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या खोल्या, उंच पलंग, बाजाराच्या मधोमध जागा, वीस-वीस वर्षं टिकलेले नोकर, हे नव्या हॉटेलांत पैसे देऊनही मिळत नाही. म्हणूनच त्यांनी आपली सगळ्यात गैरसोयीची खोली सगळ्यात लांबून येणाऱ्या अनोळखी माणसाला द्यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅनेजरना मी हे तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, वर खोली रिकामी ठेवून तळमजल्याची ॲपवर दिली तर आमचे एमआर कुठं जाणार? त्यांच्या बाजूनं तेही खरंच आहे.

पाच रात्रींचे पैसे ॲपनं आपलं शुल्क कापून दहा-बारा दिवसांनी परत केले. त्यासाठी मुलाला तीनदा पाठपुरावा करावा लागला आणि मॅनेजरनी संमतीचा ई-मेल दोनदा पाठवला. फोटोंची बाब मात्र मिटलेली नाही. ॲपवरच्या फोटोंत दिसणारं न्हाणीघर दुसऱ्याच मजल्यावरचं होतं, म्हणून मुलीनं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हॉटेलचं म्हणणं, फोटो ॲपच्याच माणसानं काही वर्षांपूर्वी येऊन काढले. ॲपचं म्हणणं, माहितीची जबाबदारी हॉटेलची. एवढं मात्र झालं, की मालकानं वर्णनात ‘तिसरा मजला’ आणि ‘न्हाणीघरात पायरी’ हे दोन्ही लिहून घेतलं. फोटो हे लिहीपर्यंत बदललेले नाहीत.